दादाचं कर्ज : चूक किती, नशीब किती?

धागाकर्ती : तगरीचं_फूल
रवि, २३:४०

बरेच दिवस लिहू की नको करत होते. आयडी जुना आहे पण कधी धागा काढला नाही, सांभाळून घ्या.

माझा मोठा भाऊ नाशिकला असतो, वय ४४, अंबड एमआयडीसीत एका व्हेंडर कंपनीत सुपरवायझर होता. मी पुण्यात. दादावर कर्ज झालंय हे आम्हाला यंदा गणपतीत कळलं, म्हणजे वसुलीवाल्याचा फोन आईने उचलला म्हणून कळलं, नाहीतर झाकली मूठ चालूच होती.

थोडक्यात सांगते. २०१८ च्या मार्चमध्ये पाथर्डी फाट्याला २८ लाखांचा फ्लॅट घेतला, ६ लाख स्वतःचे, २२ लाखांचं कर्ज, हप्ता साडेएकोणीस हजाराच्या आसपास. तेव्हा त्याचा पगार ३८ हजार आणि वहिनी प्लेग्रुपमध्ये शिकवायची तिचे ९. मग २०२० आलं. वहिनीचं प्लेग्रुप बंद ते कायमचंच, दादाचा पगार निम्मा, म्हणून त्याने सहा महिने मोरेटोरियम घेतलं, म्हणजे हप्ते पुढे ढकलले. २०२१ च्या एप्रिलमध्ये बाबा अॅडमिट झाले, १७ दिवस, बिल ६ लाख ४० हजार, आणि बाबा गेले. पैसे कसे उभे केले तर एफडी मोडून २ लाख, वहिनीचं सोनं ठेवून १ लाख ६०, मी दिले ८० हजार आणि पर्सनल लोन २ लाख. २०२२ मध्ये कंपनीची ऑर्डर गेली, शिफ्ट बंद, चार महिने घरी. नंतर जी नोकरी मिळाली ती २४ हजारांची. तेव्हापासून कार्डावर किराणा, कार्डावर मुलीची फी, एका कार्डाचं दुसऱ्या कार्डावर.

आता आई म्हणते माझ्या पाटल्या विकून द्या त्याला. दादाने माझ्याकडे ४ लाख मागितलेत. नवरा म्हणतो आधीचे ८० हजार आले का परत? आणि फॅमिली ग्रुपवर मोठ्या काकांनी नाव न घेता टाकलं की अंथरूण पाहून पाय पसरावेत, त्यावर सात जणांचे हात जोडलेले.

मला खरंच समजत नाहीये. ह्यात दादाची चूक किती आणि नशीब किती? म्हणजे त्यावरून मी किती द्यायचं ते ठरवता येईल असं वाटतंय.

---

भजीपाव
रवि, २३:५२

पहिला! वाचतोय. सविस्तर नंतर.

---

खडूस_हिशेबी
सोम, ०७:१५

ताई राग मानू नका पण विचारलंय म्हणून लिहितो. ४७ हजारात साडेएकोणीसचा हप्ता म्हणजे ४१ टक्के. त्यात ९ हजार अशा नोकरीचे जी कधीही जाऊ शकते. म्हणजे दादाच्या एकट्याच्या पगारावर धरलं तर निम्म्याच्या वर. वडिलांना मेडिक्लेम नाही. हातात सहा महिन्यांचा खर्च नाही. हे सगळं २०२० च्या आधीचं आहे हे लक्षात घ्या, कोरोना त्याला फक्त उघडं पाडायला आला. पाऊस सगळ्यांवरच पडतो हो, छत्री कोणी नेली नाही ते बघा ना.

माझे वडील सरकारी शाळेत शिपाई होते. तीन मुलं शिकवली, एक रुपया कोणाचा उसना नाही. घरात एकच नियम, नसेल तर घ्यायचं नाही.

आणि एक विचारतो, टायमिंग जरा विचित्र वाटतंय. बाबांचं दवाखान्याचं कर्ज २ लाख पर्सनल. चार महिने बेकारी. एवढ्यावर तुमच्याकडे ४ लाख मागायची वेळ येत नाही. अजून काहीतरी आहे जे तुम्ही लिहिलेलं नाही, किंवा तुम्हाला सांगितलेलं नाही.

---

तगरीचं_फूल
सोम, ०९:०२

आहे. लिहिताना गाळलं मी, लाज वाटली.

२०२३ मध्ये दादा शेअर बाजारातल्या ऑप्शनमध्ये शिरला, म्हणजे भाव चढेल की पडेल ह्यावर पैसे लावायचे. टेलिग्रामवर कोणीतरी टिप्स द्यायचं. चौदा महिन्यांत ३ लाख ७० हजार गेले. त्यातले काही लोन अॅपवरून घेतलेले आणि २ लाख पतसंस्थेतून काढलेले, त्याला जामीन आहे त्याच्या कंपनीतला एक मित्र.

---

खडूस_हिशेबी
सोम, ०९:१०

झालं तर मग.

---

पॉलिएस्टर
सोम, ०९:३१

हिशेबीभाऊ 'झालं तर मग' काय? म्हणजे बाबांचं बिल रद्द झालं का त्याने? नोकरी परत आली का?

---

खडूस_हिशेबी
सोम, १०:०५

बिल रद्द नाही झालं. पण सहानुभूती कुठे थांबवायची ते कळलं. शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीनेच सप्टेंबर २०२४ मध्ये आकडे दिलेत, तीन वर्षांत एफ अँड ओ म्हणजे फ्युचर्स-ऑप्शन करणाऱ्या १ कोटीहून जास्त साध्या माणसांपैकी ९३ टक्के तोट्यात, आणि सरासरी तोटा माणशी २ लाखांच्या आसपास. हे नशीब नाही हो, ही मटक्याची चिठ्ठी आहे, फक्त मोबाइलवर. ज्याला मुलीची फी कार्डावर भरावी लागते त्याने तिकडे बघायचंसुद्धा नाही.

---

गिरणगावची
सोम, १३:४०

मला जरा लांबचं सांगायचंय, कंटाळा आला तर सोडून द्या.

मी लालबागच्या चाळीतली. वडील कापड गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी सातवीत. अडीच लाख माणूस एका दिवशी बाहेर आला, आणि कुणाला म्हणजे कुणालाही त्या दिवशी वाटलं नव्हतं की ह्यातले बरेच जण परत कधी आत जाणार नाहीत. सगळे म्हणत महिना, फार तर दोन.

आमच्या मजल्यावर दोन सख्खे भाऊ होते, एकाच गिरणीत, एकाच खात्यात. धाकटा सहा-सात महिन्यांनी गुपचूप कामावर गेला. त्याच्या दारावर रात्री दगड पडले, बायकोला नळावर पाणी भरू देईनात, गद्दार म्हणायचे. मोठा शेवटपर्यंत संपात राहिला, मग सामान विकलं, भांडी विकली, मुलाला शाळेतून काढून मंडईत लावला, आणि शेवटी गावी राजापूरकडे गेला तो गेलाच. त्यावेळी चाळीत मोठा इमानदार आणि धाकटा नालायक. दहा वर्षांनी त्याच चाळीत, तीच माणसं, धाकटा हुशार, वेळेवर ओळखलं त्याने, आणि मोठा हट्टी, बायकापोरांचा विचार केला नाही. आणि अजून थोड्या वर्षांनी धाकट्याचीही गिरणी बंद पडली तेव्हा पुन्हा बोलणं फिरलं की काय मिळवलं ह्याने गद्दारी करून.

माणूस तोच, केलेलं तेच. निकाल लागल्यावर नावं बदलत गेली.

आमचं घर टिकलं ते आईने खाणावळ चालवली म्हणून, बारा डबे. पण त्यातही खरं सांगायचं तर आमची खोली कोपऱ्याची होती आणि गॅलरीत दुसरा स्टो ठेवायला जागा होती. मधल्या खोलीवालीलाही आईसारखाच स्वयंपाक यायचा.

---

भजीपाव
सोम, १३:५८

__/\__ ह्यावर वेगळा धागा काढा प्लीज.

---

कोरडवाहू
सोम, २०:२२

मी औशाकडचा, लातूर. वर हिशेबी साहेबांनी मटका म्हटलं ते वाचून हसू आलं. आमचं शेतच ऑप्शन हाय की. पेरलं की प्रीमियम भरला, पाऊस आला तर आला.

२०२१ च्या ऑगस्टात सोयाबीन काही बाजारांत १० हजाराच्या वर गेलं होतं क्विंटलला. ज्यांच्याकडं जुना माल शिल्लक होता ते गावात शहाणे झाले, ज्यांनी आधीच पाच-सहाला विकलं ते येडे. मग पुढच्या वर्षी सगळ्यांनीच घरात थप्प्या लावून ठेवल्या, मी बी ठेवल्या, आणि भाव जो खाली आला तो आलाच. २०२४ ला हमीभाव ४,८९२ आणि बाजारात त्याच्याबी खाली विकावं लागलं. आता माल ठेवला ती माझी हाव का शहाणपण? भाव चढला असता तर गावात माझं नाव झालं असतं. बायको म्हणायली तुम्हाला कुणी सांगितलं होतं. मी म्हणलं मागच्या वर्षी तूच म्हणत होतीस शेजारच्यांनी ठेवला बघा.

पण एक बोलतो ताई. ऑप्शनबद्दल मी हिशेबी साहेबांच्या बाजूनं हाय. पेरणी करावीच लागती, तिच्याशिवाय दुसरा धंदा नाही. ऑप्शन न करता तुमचे दादा जगले असते.

---

पांढरं_कार्ड
सोम, २१:१०

मी पुण्यात एका धर्मादाय रुग्णालयात सोशल वर्कर आहे, नाव सांगत नाही. फक्त बाबांच्या बिलाबद्दल बोलते, कारण सगळे ऑप्शनवर घसरले आणि खरा खड्डा तिथे पडलाय.

धर्मादाय दवाखान्यात १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दरात ठेवायच्या असा नियम आहे, कायद्यात कलम आहे ४१ एए, हायकोर्टाची योजना २००६ पासून लागू आहे. सरकारची महात्मा फुले आरोग्य योजना २०२० च्या मे महिन्यात सगळ्यांना खुली केली होती. आता तर पांढऱ्या रेशन कार्डालाही आहे, कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत. हे सगळं आहे. पण एप्रिल २१ मध्ये कोण बघत होतं हो दवाखाना योजनेत आहे का? जिथे ऑक्सिजन तिथे माणूस. त्या महिन्यात बेड मिळणं हाच नशिबाचा भाग होता आणि त्यानंतर बिल किती येणार तो दुसरा.

माझ्या टेबलासमोर रोज दोन प्रकारची माणसं येतात. ज्याला आधीपासून गरिबीची सवय आहे तो कागद घेऊनच येतो, दाखला, कार्ड, आमदाराचं पत्र. आणि तुमच्या दादासारखा माणूस, इस्त्रीचा शर्ट घालून, फॉर्म मागायला सुद्धा लाजतो, 'नको नको मॅडम आम्ही करू मॅनेज' म्हणतो आणि बाहेर जाऊन सोनं ठेवतो.

दादाला ईएसआयसी, म्हणजे कामगार विमा, नव्हतं का?

---

तगरीचं_फूल
सोम, २१:४५

होतं आधी. २०१७ ला पगार २१ हजाराच्या मर्यादेवर गेला आणि निघालं. आम्ही तेव्हा पेढे वाटले होते पगारवाढीचे. बाबांना शुगर-बीपी असल्याने मेडिक्लेमचा हप्ता बराच सांगितला होता, आणि आधीपासूनच्या आजारांना काही वर्षं थांबा असंही होतं, मग दादा म्हणाला पुढच्या वर्षी बघू. मी पण म्हणाले पुढच्या वर्षी बघू. मी तर पुण्यात दोघांच्या पगारात होते, मी एकटीने सुद्धा काढू शकले असते बाबांचं.

---

निवृत्त_कॅशियर
मंगळ, ०६:३०

नमस्कार. मी एका राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त, शेवटची आठ वर्षं वसुली विभाग. थोडं हिशेबाचं सांगतो कारण चूक-नशीब ह्या वादात मुली तुझा वेळ चाललाय आणि व्याज काही चर्चेसाठी थांबत नाही.

१) मोरेटोरियम. लोकांना वाटलं हप्ता माफ. माफ नव्हता, पुढे ढकलला होता आणि व्याज चालू होतं. तुझ्या दादाचं कर्ज त्यावेळी दोन वर्षांचं, साधारण २१ लाख शिल्लक असणार. पावणेनऊ टक्क्यांच्या आसपास धरलं तर सहा महिन्यांचं व्याज नव्वद हजाराच्या वर, ते मुद्दलात चढलं. दर आणि हप्ता तोच ठेवला तर ते सहा महिने न भरल्याबद्दल पुढे पंचवीसेक हप्ते जास्तीचे भरायचे. हे त्याला शाखेत कोणी कागदावर काढून दाखवलं असेल असं मला वाटत नाही, आम्ही सुद्धा दाखवत नव्हतो, तेव्हा रांगच बाहेर रस्त्यापर्यंत होती. नंतर २०२२ च्या मे पासून रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना लावते तो दर, ४ वरून वर्षभरात साडेसहावर गेला, तेव्हा पुन्हा मुदत लांबली. ह्या दोन्हीत त्याचा हात नाही. घर घेण्यात आहे.

२) कार्ड महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास लावतं. वर्षाला चाळीसच्या वर. कमीत कमी रक्कम भरत राहिला तर आयुष्यभर भरेल.

३) गृहकर्जाचा हप्ता किती थकलाय ते आधी विचार. ९० दिवस झाले की खातं एनपीए म्हणजे थकीत, मग सरफेसी ह्या वसुलीच्या कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस, मग घराचा ताबा. दोन थकले असतील तर तिसरा थकू देऊ नका, बाकी सगळं नंतर.

४) तू जामीन राहू नकोस. करार कायद्याचं कलम १२८ आहे, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच. बँकेला आधी कर्जदाराच्या मागे लागायचं बंधन नाही, जो सापडतो तो. पतसंस्थेच्या कर्जात तो मित्र आहे ना, त्याच्या पगारातून कापायला लागतील. माझ्या मते ते कर्ज आधी फेडावं, व्याज कमी असलं तरी. हिशेब तसा सांगत नाही हे मला माहीत आहे.

५) वसुलीवाले सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू शकत नाहीत, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आईला सांग.

रोख पैसे हातात देऊ नकोस. थेट कर्जखात्यात भर, पावती घे.

---

सोनचाफा_माहेर
मंगळ, ११:२०

वहिनीचं काय? अख्ख्या धाग्यात ती बाई फक्त दोन ठिकाणी आहे, एकदा ९ हजार म्हणून आणि एकदा सोनं म्हणून. तिला ऑप्शनचं माहीत होतं का? तिचं सोनं आहे ते, स्त्रीधन आहे, ते सोडवायचा हिशेब कोण करतंय? सासूच्या पाटल्यांवर चर्चा चालू आहे आणि तिच्या मंगळसूत्राच्या वाट्या पेढीत पडल्यात.

---

तगरीचं_फूल
मंगळ, १२:१५

बरोबर आहे तुमचं. तिला माहीत नव्हतं. आणि आमची एक काकू म्हणाली की वहिनीला बाहेर खायचा सोस. वर्षातून दोनदा मिसळ खायला जायचे ते, मुलीच्या वाढदिवसाला आणि लग्नाच्या. मी तेव्हा गप्प बसले.

---

एडिसनकर
मंगळ, १९:०५

इकडे अमेरिकेत दिवाळखोरीचं रीतसर असतं, चॅप्टर ७ नाहीतर १३, कोर्टात जायचं, काही वर्षं क्रेडिट खराब, पण मग मोकळा. दवाखान्याच्या बिलाने बुडालेले इकडेही पुष्कळ. आपल्याकडे सामान्य माणसाला तशी सोय नाही का? काहीतरी नवीन कायदा आला होता ना?

---

निवृत्त_कॅशियर
मंगळ, २०:४०

२०१६ चा आयबीसी, म्हणजे दिवाळखोरीचा नवा कायदा. त्यात व्यक्तींसाठी भाग आहे पण तो आजवर लागू केलाय फक्त कंपन्यांच्या कर्जाला जे वैयक्तिक जामीन राहिले त्यांच्यासाठी, डिसेंबर २०१९ पासून. पाथर्डी फाट्यावरच्या सुपरवायझरसाठी १९२० चा नादारीचा कायदाच आहे अजून. मी अख्ख्या नोकरीत तो अर्ज करणारे दोन बघितले, दोघेही व्यापारी. नोकरदार माणूस नादार व्हायला कोर्टात जात नाही. तो शहर बदलतो, सिम बदलतो, नाहीतर... जाऊ दे. ताई, दादाशी रोज बोलत जा एवढं सांगतो. पैशाचं नाही, असंच.

---

पॉलिएस्टर
मंगळ, २१:१५

हिशेबीभाऊ, एक शंका. तुमचे वडील शिपाई होते म्हणालात. राहायला कुठे होतात?

---

खडूस_हिशेबी
मंगळ, २२:३३

समजला रोख. हो, क्वार्टर होतं. नाममात्र भाडं. पेन्शन होतं, अजून आईला फॅमिली पेन्शन आहे. दवाखान्याचं बिल खात्याकडून मिळायचं, उशिरा पण मिळायचं. मान्य. म्हणजे आमच्या छत्रीची काडी सरकारने धरली होती असं म्हणायचं असेल तर म्हणा.

पण मग पुढचं ऐका. आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये तसेच एक शिपाई, तोच पगार, तेच पेन्शन, तेच सगळं. तो माणूस कल्याण मटक्यात बुडाला. पगाराच्या दिवशी सावकार शाळेच्या फाटकाशी उभा असायचा. त्याच्या बायकोला माझ्या आईकडे तांदूळ मागताना मी बघितलंय, तपेली पदराखाली धरून. त्याचं नशीब आमच्यापेक्षा वेगळं नव्हतं हो. आता त्याला काय म्हणू? परिस्थिती? मग माझ्या बापाने जे आयुष्यभर मन मारलं, एकाच चपलेला अंगठा तीनदा शिवून घातला, त्याला काय म्हणू, तीसुद्धा परिस्थितीच का?

चूक माफ करा म्हणा, मी करेन. चूक नव्हतीच असं म्हणू नका.

---

गिरणगावची
मंगळ, २३:०२

नाही म्हणत हो. पटलं. चपलेचं पटलं.

---

कोरडवाहू
बुध, ०५:५०

हिशेबी साहेब जरा मऊ झाले का आमचे डोळे खराब झाले.

---

तगरीचं_फूल
बुध, २३:५५

आज एक लिहायचंय जे नवऱ्याला दाखवून लिहितेय, म्हणजे त्याची परवानगी आहे.

२०२१ मध्ये आम्ही क्रिप्टोत दीड लाख घातले होते. मित्राने सांगितलं म्हणून. २०२२ मध्ये त्याचे ४० हजार उरले. १ लाख १० हजार गेले. आम्ही काय केलं? त्या वर्षी गोव्याला गेलो नाही. बास. एवढंच झालं. कोणाला कळलं नाही, काकांनी अंथरूण वगैरे काही पाठवलं नाही, उलट घरात तो एक विनोद झालाय, काही महाग घ्यायचं म्हटलं की नवरा म्हणतो थांब माझं बिटकॉइन वर येऊ दे. दोघांचे पगार १ तारखेला आले, कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम होता, सासऱ्यांची बायपास त्याच वर्षी झाली आणि आम्ही फक्त पार्किंग आणि चहाचे पैसे भरले.

दादाने केलं ते ह्याहून वाईट आहे, मला माहीत आहे. त्याने उधारीवर केलं, लपवून केलं, परत परत केलं. मी त्याला विचारलं का केलंस. तो म्हणाला २४ हजारात कितीही जपून चाललं तरी ते कर्ज फिटणार नव्हतं ना, जन्मभर नव्हतं, मग एक तरी दार उघडं दिसलं म्हणून गेलो. पहिल्या महिन्यात ११ हजार मिळाले पण होते त्याला. त्या ११ हजारात त्याने बाबांचं श्राद्ध केलं, आम्ही सगळे जेवून आलो.

नवरा हे वाचून म्हणाला की ठीक आहे, पण आपण उधार काढून नाही केलं. मी म्हटलं आपल्याला उधार काढायची गरज पडली नाही. त्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही, आणि मग म्हणाला, पण काढलंही नसतं. तेही खरं असेल. मला ठरवता येत नाही.

---

खडूस_हिशेबी
गुरु, ०७:४०

घर विकायचं का बघा. मी दुष्टपणे म्हणत नाही. आज भाव काय आहे तिथे?

---

तगरीचं_फूल
गुरु, १०:३०

एजंट ३७ म्हणतो. गृहकर्ज २० लाख ८० हजार शिल्लक. बाकीचं सगळं मिळून ७ लाख ८० हजार : पर्सनल १.२०, दोन कार्डं २.१०, अॅप ०.९०, पतसंस्था २, सोनं १.६०. हप्ते दोन थकलेत. कागदावर बघितलं तर विकून सगळं फिटून ७-८ लाख हातात राहतात.

दादा म्हणतो घर विकलं तर मग एवढं सगळं केलं कशासाठी. आई म्हणते बाबांचा फोटो त्या भिंतीवर लागलाय. मुलगी नववीत आहे, शाळा चालत दहा मिनिटांवर.

---

निवृत्त_कॅशियर
गुरु, १८:१०

वसुलीला जाताना मला नेहमी एकच वाटायचं, ज्याने पहिल्या वर्षात घर विकलं तो वाचला, आणि जो म्हणाला 'घर सोडून काहीही' त्याचं आम्ही लिलावात विकलं, कमी भावात. पण हेही सांगतो, काही जण 'घर सोडून काहीही' म्हणत तगले पण, दोन-चार. ते चार लोक लग्नात मला भेटतात आणि म्हणतात साहेब तुम्ही विका म्हणत होता. मी काय बोलणार.

दोन हप्ते तेवढे ह्या आठवड्यात भर.

---

(तीन आठवड्यांनी)

तगरीचं_फूल
रवि, २२:१५

बऱ्याच जणांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं म्हणून लिहिते.

मी आणि नवरा दोघं नाशिकला जाऊन आलो. दोन थकलेले हप्ते थेट खात्यात भरले. मग जेवण झाल्यावर ओट्यावरच बसलो, कालनिर्णयच्या जुन्या पानाच्या पाठीमागे सगळी कर्जं लिहिली. दादा सांगत होता, वहिनी लिहीत होती. सहा ओळी झाल्या. मग वहिनी म्हणाली अजून एक आहे. दादा म्हणाला नाही. ती उठली आणि पिठाच्या डब्यामागून एका भिशीचं कार्ड काढून आणलं, महिना दोन हजारांची, उचल आधीच घेतलेली. तिची होती. घर चालवायला तिने पण लपवून उचललेले. दोघं एकमेकांकडे बघत बसले आणि मग दादाला इतकं हसू आलं की नवऱ्याने पाणी दिलं त्याला.

कॅशियरकाका, पतसंस्थेचे २ लाख आधी भरले, माझ्या खात्यातून. हिशेबाने कार्ड आधी यायला हवं होतं हे मला नवऱ्याने बसस्टँडपर्यंत तीनदा सांगितलं. पण तो मित्र समोर बसला होता, त्याची बायको पण आली होती, आणि तिने चहा घेतला नाही. दुसरे २ लाख मी देत नाहीये, आत्ता तरी. ट्रेडिंगचं अकाउंट बंद केलं, तो अर्ज दादाने स्वतः भरला. वहिनीने सिडकोत एका शाळेच्या पोळीभाजी केंद्रात काम धरलंय, सकाळी सहाला जाते.

घराचं ठरलं नाही. मार्चपर्यंत मुलीची परीक्षा होऊ दे म्हणाला. एजंटचा नंबर मात्र त्याने घेतला, मी मागितला नव्हता.

आईच्या पाटल्या तिने डब्यात घालून आणल्याच होत्या. वहिनीने त्या उघडून बघितल्या, परत कापसात गुंडाळल्या आणि आईच्याच पिशवीत ठेवल्या. म्हणाली, आई, आधी माझं सोडवून आणू दे ह्यांना.

आणि आज सकाळी काकांनी ग्रुपवर पुन्हा तेच, कमळाचं फूल, सुप्रभात, अंथरूण पाहून पाय पसरावेत. पहिला अंगठा दादाचा होता.